हक्सलेची बाळं आणि सोलापूरची सेटलमेंट

मंडळी, आमच्या नीउ-व्हेनेपच्या घरात सध्या हक्सले मुक्कामाला आहे. लेकीच्या इंग्रजीच्या यादीत 1932 ची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आहे. त्यात रांगती बाळं पुस्तकं नि फुलांकडे झेपावली की भोंगे वाजतात, विजेचा झटका बसतो. असं पुन्हा पुन्हा केलं की पुस्तक दिसताच बाळ रडतं. लेक म्हणाली, "असं कुठे असतं का?" अगदी असं नाही, पण तेव्हाचं आपलं सोलापूर तिला सांगावंच लागलं.

इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. 1911 ला तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी अशा लोकांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं, त्या वस्तीला सेटलमेंटच म्हणत. मोठी माणसं गिरणीत राबायची, त्यांची हजेरी घेतली जायची. आणि मुलं? त्यांना आईबापांपासून तोडून औद्योगिक नाहीतर सुधारशाळेत टाकायचा अधिकार कायद्यानेच सरकारला दिला होता. मुलाने काही चोरलंय का, हे कुणी विचारतच नव्हतं. व्यवहार झालाच नाही, तरी खात्यात रक्कम नावे टाकलेली! आमच्या धंद्यात अशा नोंदीवर सही होत नाही. वाईट वाटतं ते याचं की हे चालवणाऱ्या कितीतरी जणांना आपण मुलांना वाचवतोय असंच मनापासून वाटत होतं.

डच लोकही यात मागे नव्हते बरं का. योहानेस फान डेन बॉशने 1818 मध्ये गरिबांना 'सुधारायला' संस्था काढली. तिच्या व्हेनहाउझनच्या वसाहतीत शहरांतली अनाथ मुलं पाठवली गेली. तिथे कामाची मजुरी वसाहतीच्याच नाण्यांत मिळे, आणि ती नाणी बाहेर चालत नसत. पळून जाणार तरी कशाच्या जोरावर? हाच गृहस्थ 1830 मध्ये डच ईस्ट इंडीजचा गव्हर्नर जनरल झाला, नि जावाच्या शेतकऱ्यांना सक्तीने ऊस आणि नीळ लावायला लावली.

आपल्याकडचा कायदा 1952 ला देशभर रद्द झाला. पण 1959 ला मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा नवा कायदा केला, आणि पोलिसांची नजर तीच राहिली. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' 1987 चं आहे, म्हणजे कायदा जाऊन पस्तीस वर्षं झाल्यानंतरचं. मुलं मोठी असतील तर हक्सलेच्या जोडीला तेही द्या. मराठी वाचायला अडलं तर रोज दोन पानं तुम्ही वाचून दाखवा. व्हेनहाउझनला आता तुरुंग संग्रहालय आहे, सुट्टीत गाडीने एका दिवसात जाऊन येता येतं. कुणी येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा, दोन-तीन गाड्या मिळून जाऊ.