बालाजी मंदिर, वाशीम
विदर्भातील वाशीम शहरात असलेले व्यंकटेश बालाजीचे मंदिर. सर्वसेनाने स्थापिलेल्या वाकाटक शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच नगरी. वत्स ऋषींच्या तपश्चर्येसाठी येथे देवांचा समुदाय (गुल्म) जमला, असे स्थलमाहात्म्य सांगते. मंदिर मात्र बरेच अलीकडचे असून नागपूरकर भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले. औरंगजेबाच्या काळात मूर्तिभंजनाच्या भीतीने भूमीत पुरलेल्या मूर्तींचे स्थान पुढे विस्मरणात गेले आणि एका घोडेस्वाराच्या काठीने माती उकरली जाताच मूर्तीचे बोट दिसले, अशी आख्यायिका आहे. तीतील घोडेस्वाराचा तपशील लोककथेच्या वळणाचा असला, तरी मूर्ती दडविण्याची प्रथा त्या काळी अनेक क्षेत्री होती. बालाजीखेरीज ब्रह्मा, महादेव, देवी, गणपती व नाग यांच्या मूर्तीही सापडल्याचे सांगतात. ओवरीचे (भिंतीलगतच्या छपरी पडवीचे) चौकोनी खांब प्रत्येकी एकसंध दगडातून घडविलेले असून बांधकामातील हेच सर्वांत लक्षणीय अंग होय. जवळचा, दगडी बांधणीचा देव तलावही भवानी काळू यांनीच खोदविला. आश्विनात येथे मोठा उत्सव भरतो.