दृष्टिपटलातून हृदयाचा अंदाज

उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता शरीर पोखरत असतो. त्याच्या खुणा मात्र डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर उमटतात. येथील धमन्या व शिरा कोणतीही चिरफाड न करता स्पष्ट पाहता येतात. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शक यंत्र जगापुढे आणले, तेव्हापासून ही तपासणी शक्य झाली.

खुणा कोणत्या?
रक्तदाब दीर्घकाळ वाढलेला राहिला की या सूक्ष्म धमन्या अरुंद होतात, त्यांच्या भिंती जाड व कठीण बनतात. धमनी शिरेला ओलांडते तेथे ती शिरेवर दाब आणते. पुढे रक्तस्राव, कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढरे डाग आणि अखेर दृष्टिचेतेच्या मुखाशी सूज दिसते. १९३९ मध्ये अमेरिकेतील कीथ, वॅगनर व बार्कर या डॉक्टरांनी या बदलांच्या चार श्रेणी ठरवल्या. प्रभावी औषधे नसलेल्या त्या काळात चौथ्या श्रेणीतील बहुसंख्य रुग्ण वर्षभरात दगावत.

संगणकाची नजर
आता फंडस कॅमेऱ्याने काही क्षणांत दृष्टिपटलाचे छायाचित्र घेता येते आणि संगणकाद्वारे रक्तवाहिन्यांची रुंदी मोजता येते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत, धमन्या अरुंद असलेल्या स्त्रियांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचे २००२ मध्ये आढळले; पुरुषांत तसा संबंध दिसला नाही. गूगलच्या संशोधकांनी २,८४,३३५ व्यक्तींच्या माहितीवरून संगणकाला प्रशिक्षण दिले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार केवळ छायाचित्रावरून वय, धूम्रपानाची सवय व रक्तदाब यांचा अंदाज बांधता आला. पुढील पाच वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघातासारखी गंभीर घटना घडलेली एक व्यक्ती आणि न घडलेली दुसरी, अशा जोडीतून धोक्यातील व्यक्ती संगणकाने सुमारे ७० टक्के वेळा अचूक ओळखली.

मर्यादा
दृष्टिपटलावरील धमन्या मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतक्या रुंद असतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या त्यांच्या कित्येक पट मोठ्या असतात. त्यामुळे छायाचित्र निर्दोष आले, तरी हृदयातील धमन्यांमध्ये अडथळा नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. रक्तदाब, रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल यांच्या तपासण्यांना ही तपासणी पर्याय नाही. मधुमेहींनी मात्र वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावेच. नेत्रतज्ज्ञांनी रक्तवाहिन्यांतील बदल निदर्शनास आणून दिल्यास केवळ चष्म्याचा नंबर घेऊन परतू नये. त्याच आठवड्यात रक्तदाब मोजून घ्यावा. दृष्टिचेतेला सूज असल्यास एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठणे आवश्यक असते.