समुद्रावरून उडणारे व त्यांची वाट पाहणारे



नांदेड-लातूरकडच्या माणसाने समुद्रावर बोलावे, आणि तेही समुद्रावरून उडणाऱ्या वीरांविषयी, याचे आपणापैकी काहींस नवल वाटेल. आमच्याकडे पाणी म्हणजे गोदावरीचे आणि मांजरेचे. त्यात लातुरास तर २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या गावी पाणी रुळांवरून आले, त्या गावच्या मुलास भरती-ओहोटी शिकविणे म्हणजे काय, हे ज्या शिक्षकाने केले असेल तोच जाणे. तथापि एक गोष्ट प्रारंभीच सांगितली पाहिजे. आमच्या मुलखातील माणसे समुद्रावर व आकाशात जाण्यापूर्वीच आमच्या मुलखाचा पैसा तेथे जाऊन पोहोचला होता.

मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. पहिल्या महायुद्धात निजाम मीर उस्मान अली खान यांनी इंग्रज सरकारास विमानांकरिता द्रव्य दिले, आणि त्या द्रव्यातून सिद्ध झालेल्या ११० क्रमांकाच्या विमानदलास पुढे हैदराबादचेच नाव मिळाले. १९१८ साली फ्रान्समधून जर्मनीवर जाणाऱ्या त्या विमानांवर निजामाची देणगी असल्याची अक्षरे रंगविलेली होती. दुसऱ्या महायुद्धात तर ऑस्ट्रेलियाच्या नौदलातील एका विनाशिकेचे नावच ‘निजाम’ असे ठेवण्यात आले. ज्या राज्यास समुद्रकिनारा म्हणून नव्हता, त्याच्या अधिपतीचे नाव धारण करून एक युद्धनौका भूमध्य समुद्रात लढत होती! राज्याचा खजिना ज्यांच्या साऱ्याने भरत होता, त्या आमच्या बिलोली-औशाच्या शेतकऱ्यास याची वार्ताही नसेल.

स्वराज्य आल्यानंतर मात्र हिंदी नौदलास आपले स्वतःचे पंख हवेसे वाटू लागले. १९५३ सालच्या मे महिन्याच्या ११ तारखेस कोचीन येथे ‘गरुड’ नावाचे नौदलाचे पहिले विमानस्थानक स्थापन झाले. आरंभीची विमाने ‘सीलँड’ जातीची, म्हणजे पाण्यावर व जमिनीवर दोन्हीकडे उतरणारी होती. त्यानंतर १९५७ साली इंग्रजांची एक अर्धवट बांधून पडलेली विमानवाहू नौका विकत घेण्यात आली. ती बेलफास्ट येथे पुरी करून ४ मार्च १९६१ रोजी ‘विक्रांत’ या नावाने आपल्या नौदलात सामील करण्यात आली, आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ती मुंबई बंदरात आली. लांबी सुमारे सातशे फूट. ऐकावयास हे मोठे वाटते. परंतु तेवढ्या जागेत, आणि तीही लाटांवर वरखाली होत असता, वेगाने येणारे विमान उतरवावयाचे. विमानाच्या शेपटीखालचा आकडा तक्त्यावर आडव्या ताणलेल्या तारेत अडकला तर ते थांबणार. न अडकला तर पुन्हा पुरी शक्ती देऊन आकाशात चढणार.

‘विक्रांत’वर मुख्यतः दोन जातींची विमाने असत. ‘सीहॉक’ हे एकट्या वैमानिकाचे, झपाट्याने हल्ला करणारे जेट विमान होते. दुसरे फ्रेंच बनावटीचे ‘अलिझे’, आणि मला आज आपणांस ज्याच्याविषयी विशेष सांगावयाचे आहे ते हेच. ‘अलिझे’त तिघे बसत. एकाच्या हाती सुकाणू. बाकीच्या दोघांच्या स्वाधीन पोटाखाली उतरणारे रडार, पाणबुडीचा आवाज टिपण्याकरिता पाण्यात टाकावयाची ध्वनियंत्रे आणि नकाशा. हे विमान धीम्या चालीचे होते; ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास पोहोचावयासही त्यास जिवाचे रान करावे लागे. परंतु शत्रूच्या पाणबुडीचा माग काढण्यास चपळाईपेक्षा चिकाटी अधिक लागते. हे विमान चार-पाच तास समुद्रावर घिरट्या घालू शके.

जो नौदली उड्डाण-अधिकारी विमान चालवीत नाही, पण विमान कोठे आहे, कोठे जावयाचे आहे आणि खाली काय दडले आहे हे ज्याला सांगावे लागते, त्यास आपल्या नौदलात ‘ऑब्झर्व्हर’ म्हणतात. मराठीत निरीक्षक म्हणावे, तर शाळा-तपासनीस डोळ्यांपुढे उभा राहतो. म्हणून मूळ शब्दच राहू द्यावा. त्याच्या कामाची कठीणता एका हिशेबाने ध्यानात येईल. विमान नौकेवरून उडाले, तीन तास हिंडले, आता परत फिरावयाचे. परंतु नौका तर वीस सागरी मैलांच्या गतीने चालत आहे. म्हणजे या तीन तासांत ती साठ सागरी मैल दूर गेलेली असू शकते. युद्धकाळी ती बिनतारी संदेश देणार नाही, कारण तो शत्रूही ऐकतो. वाऱ्याने विमान किती बाजूस ढकलले, आपण किती वेळ कोणत्या दिशेस गेलो, नौका ठरल्या मार्गाने किती सरकली असेल, हे सर्व मांडीवरच्या फळीवर मांडून त्याने सांगावयाचे की घर आता अमुक ठिकाणी असेल. आपण सकाळी घरून निघतो तेव्हा संध्याकाळी घर त्याच गल्लीत सापडणार याची आपल्यास खात्री असते. या लोकांस ती नसे. मी वर्गात अक्षांश-रेखांश शिकवीत असता हे उदाहरण देई, आणि मागल्या बाकावरची मुलेही त्या दिवशी गणित करीत.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. पोर्तुगीजांनी बांधलेला दाभोळीचा विमानतळ पुढे नौदलाकडे आला, आणि कोइमतूरजवळ सुलूर येथे असलेले ‘हंस’ हे नौदलाचे विमानस्थानक १९६४ साली तेथे हलविण्यात आले. तेव्हापासून नौदली वैमानिकांची बिऱ्हाडे बहुधा कोचीनला नाही तर गोव्यास. ही बिऱ्हाडे मोठी चमत्कारिक. कर्ता पुरुष महिनेच्या महिने नौकेवर; घरी मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईबापांचे औषधपाणी, किराण्याचा हिशेब, सर्व बायकोकडे. ‘गृहस्थाश्रम’ हा शब्द आपण पुरुषास लावतो. येथे तो खऱ्या अर्थी त्या स्त्रीनेच चालविलेला असतो. मुलाच्या वाढदिवसास बाप घरी असणे हा योगायोगच. आणि तरीही या लोकांच्या कुटुंबवत्सलतेविषयी मला कधी शंका वाटलेली नाही. जो मनुष्य आपल्या हलत्या घराचा ठाव इतक्या काळजीने मांडतो, त्यास स्थिर घराची किंमत कोणी शिकवावयास नको.

आता १९७१ सालचे युद्ध. मी त्या वेळी शाळकरी होतो. गावात ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओट्यावर संध्याकाळी दाटी होई, आणि ‘विक्रांत’ हे नाव आम्हा पोरांच्या तोंडी रुळले ते तेथेच. ‘विक्रांत’च्या चारपैकी एका बाष्पकास तडे गेलेले होते, म्हणून तिची गती कमी पडली होती, आणि विमान उडविण्यास तर समोरून जोराचा वारा हवा, जो नौका वेगाने चालल्यावाचून मिळत नाही. तरीही तिला बंगालच्या उपसागरात पाठविण्यात आले. ४ डिसेंबरच्या सकाळी आठ ‘सीहॉक’ विमानांनी कॉक्स बाझारवर हल्ला केला. त्याच दिवशी चितगाववरही. ‘अलिझे’ विमाने रात्री बंदरांवर बाँब टाकीत. पूर्वेकडील हा इतिहास यशाचा आहे व तो पुष्कळांनी लिहिला आहे.

पश्चिमेकडे, म्हणजे आपल्या बाजूच्या अरबी समुद्रात, ९ डिसेंबरच्या रात्री ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने दीवजवळ आपली ‘खुकरी’ ही नौका बुडविली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडण्याचे नाकारले. त्यांच्यासह १८ अधिकारी व १७६ खलाशी गेले. दुसऱ्या दिवसापासून त्या पाणबुडीचा शोध सुरू झाला. १० डिसेंबर रोजी या शोधात असलेले एक ‘अलिझे’ पाकिस्तानच्या ‘स्टारफायटर’ या, आवाजाच्या दुप्पट गतीने जाणाऱ्या विमानाने गाठले व पाडले. बैलगाडीस आगगाडीने गाठावे, तसलाच तो सामना. आत तिघे होते: लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट एच. एस. सिरोही आणि विजयन. तिघेही परत आले नाहीत.

परत आले नाहीत, एवढेच आपण म्हणू शकतो. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या व पाकिस्तानच्या तुरुंगात असावेत असे ज्यांच्याविषयी मानले गेले, अशा ५४ जणांची जी यादी पुढे झाली तीत रॉय यांचेही नाव आहे. समुद्रात पडलेला मनुष्य वाचेल काय, असे तुम्हीआम्ही विचारू; घरच्यांचे मन तसे विचारीत नाही.

या यादीत एक मराठी नाव आहे, फ्लाईट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. हे नौदलातले नव्हेत, वायुदलातले. परंतु घरची कथा एकच असल्यामुळे ती येथे सांगतो. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट येथील विमानतळावरील हल्ल्यात त्यांचे ‘सुखोई’ विमान पडले. त्यांचा विवाह होऊन पुरती दोन वर्षेही लोटली नव्हती. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या व अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्या दिवसांत एका पाकिस्तानी वर्तमानपत्रात पकडलेल्या हिंदी वैमानिकांच्या बातमीत त्यांच्या पतीच्या नावाशी मिळतेजुळते नाव छापून आले, आणि त्या एका नावाच्या आधाराने त्यांनी आयुष्यभर शोध चालविला.

मराठी वाचकास येथे पानिपत आठवल्यावाचून राहणार नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. पण ते पडल्याचे त्यांच्या पत्नीने मानले नाही. पार्वतीबाई पुण्यात सौभाग्यचिन्हे धारण करूनच राहिल्या, तोतयाचे प्रकरण उद्भवले, त्या तोतयास १७७६ साली देहान्त शासन झाले, आणि १७८३ साली पार्वतीबाईंनी देह ठेवला, तोपर्यंत त्यांनी वैधव्य पत्करले नाही. आमच्या जुन्या बखरकारांनी या बाईस वेड लागले असे म्हटले असते तर ते सोपे होते. पण पेशव्यांच्या घराने तिच्या कुंकवास हात लावला नाही, हे मला त्या घराचे मोठे भूषण वाटते. आजचा कायदा सात वर्षे ज्याची वार्ता नाही त्यास मृत समजतो. मालमत्तेची, निवृत्तिवेतनाची व्यवस्था लागण्यास तो हवाच. कुंकवाचा निर्णय तो करीत नाही.

आशा धरणे अगदीच निराधार होते असेही कोणी समजू नये. ज्या १० डिसेंबरला ते ‘अलिझे’ पडले, त्याच दिवशी वायुदलातील फ्लाईट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे विमान पडले व ते कैद झाले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ग्रेवाल व हरीश सिंहजी या दोन सोबत्यांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून पलायन केले. खैबर खिंडीत लंडी कोतलपर्यंत ते पोहोचलेही. परंतु तेथे त्यांनी पुढच्या ‘लंडी खाना’ स्थानकाचा रस्ता विचारला. जुन्या नकाशावरून त्यांनी हे नाव पाहून ठेविले होते, आणि ते स्थानक तर कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडलेले! लोकांस संशय आला व तिघे पकडले गेले. नकाशा जुना असला तर काय होते, हे याहून चांगले कोणत्या भूगोलाच्या पुस्तकात सापडेल? सुदैवाने त्यांचे प्राण वाचले, आणि १ डिसेंबर १९७२ रोजी इतर युद्धकैद्यांबरोबर ते वाघ्यावरून स्वदेशी आले. ज्यांचे कोणी त्या दिवशी वाघ्यावरून आले नाही, त्यांनी मात्र पुढे वाट पाहावयाचे सोडले नाही.

१९८३ साली सहा नातेवाईकांस मुलतानच्या तुरुंगात नेण्यात आले. २००७ च्या जूनमध्ये चौदा नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले. ज्यांनी १९७१ साली नवरा गमावला त्यांचे केस तोपर्यंत पिकले होते. ज्यांनी बाप गमावला ती मुले बापाच्या त्या वेळच्या वयापलीकडे गेली होती. तुरुंगाच्या वह्या उघडल्या गेल्या, कैदी दाखविले गेले. आपल्यापैकी कोणी तेथे असल्याचा पुरावा मिळाला नाही. असे कैदी आपल्याकडे नाहीतच, हे पाकिस्तान सरकारचे म्हणणे कायम राहिले.

‘सीहॉक’ व ‘अलिझे’ दोन्ही जाती नंतर सेवेतून गेल्या. ‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईस संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ साली मोडीत निघाली. त्याच नावाची नवी नौका, या खेपेस कोचीत बांधलेली, २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात आली. २०२० साली ‘ऑब्झर्व्हर’चे शिक्षण पुरे करून नौकेवरील हेलिकॉप्टरांकरिता ज्या अधिकाऱ्यांची निवड झाली, त्यांत प्रथमच दोन तरुणी होत्या, तेव्हा वाट पाहण्याचे काम आता काही घरी पुरुषांकडेही येईल. गोव्यास जाणाऱ्या आमच्याकडच्या मंडळींनी बोगमाळ्याच्या वाटेवर, दाभोळी विमानतळालगत, नौदलाचे विमान-संग्रहालय अवश्य पाहावे. तेथे ‘सीलँड’ आहे, ‘सीहॉक’ आहे, आणि एक ‘अलिझे’ही उभे आहे. त्याच्या पुढच्या काचेशीच थांबू नये. बाजूने जाऊन मागच्या आसनाची जागाही पाहावी.