गणेशखिंडीतला लाटसाहेबांचा वाडा

यवत, केडगाव, पाटसकडची मुले पुणे विद्यापीठात जातात, तेव्हा उंच मनोऱ्याची मुख्य इमारत त्यांना दिसते. ती मूळची विद्येसाठी नव्हे. मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम तेथे असे.

सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना १८६४ साली काम सुरू झाले, ते १८७१ मध्ये पुरे झाले. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. आपला वाडा पाहा: रस्त्याकडे भक्कम भिंत, आत चौक. इंग्रज उमरावाचे घर याच्या उलट. भोवती बाग, हिरवळ, आणि लांबून नजरेत भरणारा मनोरा. इथला मनोरा व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बर्न हाऊसची आठवण देतो.

अमेरिकेतील यादवीमुळे त्या वेळी कापूस तेजीत होता. १८६५ मध्ये भाव कोसळले, पण बांधकाम चालूच राहिले.

२२ जून १८९७ रोजी राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ येथेच झाला. तेथून परतताना रँडवर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली.

१९४९ साली विद्यापीठ निघाले आणि हा वाडा त्याच्या हवाली झाला. शिक्षकहो, सहल नेलीत तर मनोरा दाखवाच. पण हेही सांगा, की हुकूम सुटत होते त्या घरात आज शेतकऱ्याचे पोर हक्काने शिरते.