खैराटचा हिरवा लॅपटॉप आणि त्याचे स्पर्धक

दरवर्षी इंजिनियरिंगचे प्रवेश सुरू झाले की महाड-पोलादपूरकडच्या ओळखीपाळखीच्या मुलांचे फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो, "काका, कुठला लॅपटॉप घेऊ?" सोबत दोन-चार मॉडेलांचा तक्ता. प्रोसेसर, रॅम, स्क्रीनचे इंच, किंमत. त्यात एक महागडा, धातूच्या अंगाचा, 'खास विद्यार्थ्यांसाठी' म्हणून गाजवलेला असतो आणि बाकीचे त्याचे स्वस्तातले स्पर्धक. लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात नंबर लागलेल्या मुलाच्या घरी फी सोडली तर हा सगळ्यात मोठा खर्च. आणि तो एकदाच होणार. दुसऱ्या वर्षी यंत्र बंद पडलं तर दुसरं घेऊ, असं म्हणणारी घरं पोलादपूर तालुक्यात किती असतील ते तुम्हीच सांगा.

हे तक्ते बघताना मला नेहमी एक जुना तक्ता आठवतो. २००७ सालचा. त्यात तीन यंत्रं होती आणि त्यातलं एक आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत येऊन पोचलं होतं.

गोष्ट तशी लांबून सुरू होते. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ च्या जानेवारीत दावोसला जाहीर केलं की गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप बनवायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिसला त्याचा नमुना दाखवला. बाजूला हाताने फिरवायचा दांडा, म्हणजे वीज नसली तरी फिरवा आणि वापरा. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी तो फिरवला आणि तो त्यांच्या हातात आला! पुढे प्रत्यक्ष उत्पादनात दांडा गेला तो गेलाच. शंभर डॉलरही गेले. २००७ च्या अखेरीला कारखान्यातून यंत्रं बाहेर पडू लागली तेव्हा एकाची किंमत १८८ डॉलरच्या घरात होती. तेव्हाच्या हिशोबाने साधारण साडेसात हजार रुपये.

भारत सरकारने त्याआधीच, २००६ मध्ये, नकार कळवला होता. शिक्षण खात्याच्या सचिवांचं म्हणणं थोडक्यात असं की मुलांना आधी वर्गखोल्या आणि शिक्षक द्या, असली महागडी खेळणी नंतर. तेव्हा यावर बरीच टीका झाली होती. मला विचाराल तर तो आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

सरकार नाही म्हणालं तरी २००७ च्या उत्तरार्धात एक प्रयोग झालाच. जागा कर्जत तालुक्यातलं खैराट. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथी एकत्र आणि मुलं बावीस. प्रत्येकाला एकेक हिरवा-पांढरा लॅपटॉप मिळाला. नाव एक्सओ. पुढे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले अभ्यासकही या शाळेत जाऊ लागले, मुलं या यंत्रांवर काय करतात ते बघायला.

आता खैराट रायगडच्या उत्तर टोकाला आणि पोलादपूर दक्षिण टोकाला. पण शाळेचं वर्णन वाचून आमच्याकडच्या कुणालाही वाटावं की ही तर आपल्याच वाडीवरची शाळा. (सरकारने २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार पुढे आणला. बावीस म्हणजे काठावर पास!)

हं, तर तक्ता. एक्सओच्या समोर दोन स्पर्धक उभे होते. एक इंटेलचा क्लासमेट आणि दुसरा तैवानच्या असूसचा ई-पीसी, जो २००७ च्या ऑक्टोबरात बाजारात आला. दोघांचा प्रोसेसर कागदावर ९०० मेगाहर्ट्झचा, एक्सओचा ४३३. रॅम क्लासमेटची २५६ एमबी, एक्सओचीही तेवढीच, ई-पीसीची ५१२. साठवण एक्सओमध्ये फक्त १ जीबी, ई-पीसीच्या गाजलेल्या मॉडेलात ४. शिवाय क्लासमेटवर विंडोज चालायचं, एक्सओवर 'शुगर' नावाची मुलांसाठी बनवलेली वेगळीच मांडणी. तक्ता वाचून निकाल द्यायचा तर एक्सओ सपशेल नापास. आपल्याकडे एचसीएलने २००८ च्या सुरुवातीला क्लासमेटच्या धर्तीवरचा छोटा लॅपटॉप साधारण चौदा हजारांना आणला, त्याच्या बातम्याही अशाच रकान्यांनी भरलेल्या होत्या.

पण या तक्त्यात नसलेले रकाने मोजायचे ठरवले तर?

पहिला रकाना विजेचा. ती भारनियमनाची वर्षं होती. ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. एक्सओ वापरात असताना दोन-तीन वॅट खायचा. त्या काळचा साधा लॅपटॉप वीस-तीस तरी. त्याला ११ ते १८ व्होल्टचा कुठलाही डीसी पुरवठा चालायचा, म्हणजे जीपची बॅटरी किंवा छोटं सौरपॅनेलसुद्धा. बॅटरी लोह-फॉस्फेटची, सुमारे दोन हजार वेळा चार्ज होईल अशी. नेहमीच्या लॅपटॉपची बॅटरी चार-पाचशे वेळांनंतर दम टाकते. हे चार-पाच वर्षांच्या हिशोबात किती मोठं आहे बघा.

दुसरा रकाना पाण्याचा. महाड-पोलादपूरचा पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून कितीतरी वर. चार महिने घरात कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते. पंख्याचा लॅपटॉप हीच दमट, धुळीची हवा आत ओढत राहतो. एक्सओत पंखाच नव्हता, फिरणारी हार्ड डिस्क नव्हती. कीबोर्ड अखंड रबरी. दोन बाजूंना सशाच्या कानांसारख्या दोन अँटेना, त्या मिटल्या की खालची भोकं आपोआप झाकली जायची. दप्तरात टाकून ओढ्यातून येणाऱ्या पोरासाठीच कुणीतरी विचार केलाय असं वाटावं.

तिसरा पडद्याचा. साडेसात इंचांत १२०० बाय ९०० ठिपके. दोन्ही स्पर्धकांचा पडदा ८०० बाय ४८०. एक्सओचा मागचा दिवा बंद करून तो भर उन्हात कृष्णधवल वाचता यायचा. मेरी लू जेप्सन या बाईंची ती करामत. म्हणजे स्वस्त म्हणून हिणवलेल्या या यंत्राचा पडदा त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या यंत्रांत मिळत नव्हता. खरं 'प्रीमियम' कशाला म्हणायचं हा प्रश्न मला इथे पडतो. (आषाढातल्या अंधाऱ्या वर्गात याचा काही उपयोग नाही हे कबूल. पण दिवाळीनंतर पडवीत बसून वाचायला उत्तम.)

चौथा रकाना दुरुस्तीचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. एक्सओ एका साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडायचा. जादा स्क्रू कुठे ठेवले होते माहीत आहे? त्याच्याच मुठीत! मुलांनी स्वतः उघडून जोडावा ही अपेक्षा होती. शिवाय देवनागरी कीबोर्डाची आवृत्ती होती, आणि इंटरनेट नसलं तरी एकमेकांच्या यंत्रांना जोडून घेण्याची सोय.

दोषही होतेच. यंत्र हळू, अगदी कंटाळा येईल इतकं. टचपॅड भरकटायचा. रबरी कळा फाटतात ही तक्रार बऱ्याच देशांतून आली.

मग हरलं कशामुळे? इंटेलशी भांडण हे एक कारण. इंटेल २००७ च्या जुलैत या प्रकल्पात सामील झाली आणि २००८ च्या जानेवारीत बाहेरही पडली. बाजारात ई-पीसीच्या मागून छोट्या लॅपटॉपांची रांग लागली हे दुसरं. पण आपल्याकडचं कारण मला वेगळं वाटतं. २००१-०२ पासून महाराष्ट्रात संगणक म्हणजे एमएस-सीआयटी. महाडला असो की माणगावला, क्लासमध्ये जायचं, विंडोज, वर्ड, एक्सेल शिकायचं, प्रमाणपत्र घ्यायचं, नोकरीच्या अर्जाला जोडायचं. हे चूक होतं असं मी म्हणणार नाही, त्या प्रमाणपत्राने पुष्कळांच्या चुली पेटल्या. पण त्या हिशोबात, कासवाला सूचना देऊन चित्र काढायला लावणारं यंत्र बसतच नव्हतं. पालक विचारणार, यावर वर्ड आहे का?

आणि आता त्या सचिवांचा आक्षेप. पेरूने आठ लाखांहून जास्त एक्सओ वाटले. २०१२ मध्ये तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा भाषा आणि गणितात काहीही फरक दिसला नाही. उरुग्वेनेही हेच यंत्र घेतलं आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला दिलं. पण त्यांनी सोबत शाळांना इंटरनेट जोडलं, दुरुस्तीची व्यवस्था उभी केली. तिथेही परीक्षेतले गुण वाढल्याचं काही दिसलं नाही, पण योजना टिकली, वाढली. खैराटला यंत्रांबरोबर माणसं जात राहिली. यंत्र तिन्हीकडे एकच.

आपल्या देशी यंत्रांचं काय? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीने मिळून बनवलेला सिम्प्युटर तर एक्सओच्याही आधीचा. २००४ मध्ये विक्रीला आला तेव्हा किंमत दहा हजारांच्या आसपास. एक यंत्र गावात अनेकांनी स्मार्टकार्ड घालून वापरायचं ही कल्पना फार चांगली होती, गिऱ्हाईक मिळालं नाही. मग २०११ चा आकाश टॅबलेट. अडीच हजारांच्या आत, सात इंची, आणि बॅटरी दोन-तीन तासांची. त्याच्याविषयी याहून जास्त लिहायला मला उत्साह नाही.

या सगळ्यांना हरवलं ते मोबाईलने. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा आमच्याकडे 'विद्यार्थ्यांचा संगणक' म्हणजे बापाचा फोन होता, तोही बाप कामावरून आल्यावर. रेंजसाठी टेकडी चढायची ती वेगळीच. त्यातच २०२१ चा जुलै आला. २२ तारखेला महाड सावित्रीच्या पुरात बुडालं, त्याच दिवशी तळिये गेलं, ऐंशीहून जास्त माणसं गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. अशा वेळी यंत्रांचं दुःख बोलूही नये. पण पुढच्या आठवड्यात चिखलाने भरलेले लॅपटॉप घेऊन बसलेली मुलं होती, आणि त्यांचं वर्षभराचं काम त्या चिखलात होतं.

म्हणून आता फोन आला की मी त्या मुलांना तक्त्यात आणखी चार रकाने वाढवायला सांगतो. पंखा आहे का? बॅटरी बदलता येते की चिकटवलेली आहे? रॅम आणि डिस्क नंतर वाढवता येते की बोर्डावरच जोडून टाकलेली? आणि दुरुस्ती कुठे होते? महागड्या यंत्राची बॅटरी दिवसभर पुरते, काहींना पंखा नसतो, हे त्यांच्या बाजूने नक्कीच. पण त्यांच्यातली बहुतेक यंत्रं आतून बंदिस्त असतात, पाणी गेलं की अख्खा बोर्ड बदला. स्वस्तातला जाडजूड स्पर्धक निदान महाडच्या बाजारातला कारागीर उघडून तरी बघतो. काम मात्र रोज दुसरीकडे उतरवून ठेवायचं, यंत्र कुठलंही असो.

परवा एकाला एवढं सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्याला आहे, चालेल ना?" मी म्हटलं, पावसाळ्यात वरंधा घाट सुरू असेल तर चालेल.