सल्ला देण्याचाही परवाना

परदेशी राहण्याचा अर्ज चुकला तर माणसाला देश सोडावा लागू शकतो. तरीही ब्रिटनमध्ये अशा अर्जाबाबतचा सल्ला पूर्वी कोणीही पैसे घेऊन देऊ शकत असे. लुबाडणुकीच्या तक्रारी झाल्या, तेव्हा १९९९ साली कायदा आला. ३० एप्रिल २००१पासून, वकिलांसारखे आपापल्या संघटनेच्या शिस्तीतले व्यावसायिक वगळता, नोंदणीशिवाय सल्लागाराचे काम करणे गुन्हा ठरले. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद. फुकट सल्ला देणाऱ्या सेवाभावी संस्थांनाही परवानगी घेणे भाग पडले. मला यातच कायद्याचे शहाणपण दिसते. हेतू चांगला असला, तरी चुकीच्या सल्ल्याने व्हायचा तो घात होतोच. २०२५ मध्ये नियामक संस्थेचे नाव बदलले, दंडक मात्र कायम आहे. म्हणून सांगतो, कागद हाती देण्याआधी सल्लागाराची नोंदणी पाहून घ्यावी.