स्फिंक्सचं कोडं आणि कोलन कॅन्सरच्या पेशी

‘स्फिंगोसिन’ हे नाव १८८४ सालचं. लंडनमधले डॉक्टर थुडिकम यांना मेंदूतल्या स्निग्ध पदार्थांत हा रेणू सापडला. तो काही उलगडेना, म्हणून कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून त्यांनी हे नाव दिलं.

पुढची शंभरेक वर्षं स्फिंगोलिपिड म्हणजे पेशीपटलाचा बांधकामाचा माल, एवढीच समजूत होती. १९८६ मध्ये हन्नुन, बेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्फिंगोसिन ‘प्रोटीन कायनेज सी’ला रोखतं. १९९३ मध्ये सेरामाइडमुळे ल्युकेमियाच्या पेशी अपॉप्टोसिसने मरताना दिसल्या.

मग लक्ष आतड्याकडे गेलं. दुधातलं स्फिंगोमायलिन सावकाश पचतं. त्यातलं थोडं मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं आणि तिथे त्यातून सेरामाइड, स्फिंगोसिन सुटतात. १९९६ मध्ये श्मेल्झ, मेरिल यांच्या गटाने रसायन देऊन कॅन्सरकडे वळवलेल्या उंदरांना ते खाऊ घातलं, तर आतड्यातल्या कॅन्सरपूर्व खुणा घटल्या. पण त्याच वर्षी स्पीगल यांच्या गटाने दाखवलं की स्फिंगोसिनला एक फॉस्फेट जोडला, की तोच रेणू पेशीला मरणापासून वाचवतो!

म्हणून एचटी-२९ पेशींवर सी२-सेरामाइड टाकून ‘वाढ थांबली’ एवढं लिहिणं पुरत नाही. सोबत सी२-डायहायड्रोसेरामाइडचा कंट्रोल ठेवा. त्यात फक्त एक दुहेरी बंध कमी असतो. त्यानेही पेशी तितक्याच मेल्या, तर तुम्ही सिग्नल मोजत नाही आहात, नुसती पेशीपटलाची मोडतोड मोजताय.